नायक नोवाक की तारनोव्स्की?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीवर (१९४३–४८) कथा लिहिणाऱ्या मैत्रिणीचं आडनावापाशी अडलंय.

नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला. पोलंडमध्ये सर्वाधिक आढळणारं आडनाव, त्यामुळे घराण्याचा काहीच पत्ता लागत नाही. तारनोव्स्की तार्नुफ गावावरून आलं, आपल्या ‘-कर’सारखं. अशी आडनावं आधी जमीनदार सरदारांची. पुढे शेतकरी-कारागिरांनीही ‘-स्की’ लावून घेतलं. तेव्हा नुसत्या ‘-स्की’वरून खानदान ठरवू नये.

खरी गंमत बायकांच्या नावात. तारनोव्स्कीची बायको आणि मुलगी दोघी तारनोव्स्का. नोवाक बाई आज बहुधा नोवाकच. त्या काळी मात्र बायको नोवाकोवा, मुलगी नोवाकुवना. छावणीत बायका-मुलंच जास्त, म्हणजे हे सांभाळावंच लागणार.

साधं शेतकरी कुटुंब रंगवायचं तर नोवाक. गेलेल्या जमीनजुमल्याचा तोरा मिरवणारी आजी हवी, तर तारनोव्स्का.