लकव्यावरच्या ‘स्टेम सेल पॅकेज’चे पैसे भरण्याआधी हे वाचा

माझ्या थोरल्या भावाला मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा स्ट्रोक आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. गावाहून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती. दादा वाचला. डिस्चार्जच्या वेळी न्यूरोच्या डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं की पूर्वीसारखं होणं अवघड आहे. सुधारणा होईल, ती पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त दिसेल, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी आणि पुढे अगदी सावकाश. आम्हाला फसवणाऱ्यांचा सगळा धंदा याच तीन-सहा महिन्यांवर चालतो.

घरी आणून थोडेच दिवस झाले होते, तोवर एका सेंटरच्या ‘काउन्सेलर’चा वहिनीला फोन आला. नंबर कुणी दिला ते आजवर कळलं नाही. बाई फार आपुलकीने बोलायची. “मॅडम, उशीर केला तर पेशंटची विंडो बंद होईल, मग आम्हीही काही करू शकणार नाही.” सोबत चालणाऱ्या पेशंटचे व्हिडिओ. पॅकेज असं की कमरेच्या हाडातून बोनमॅरो म्हणजे हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी मणक्यातून सोडायच्या आणि तिथेच राहून फिजिओ घ्यायची. चार लाख ऐंशी हजार रुपये. आठवड्याच्या आत भरले तर सूट. वहिनीने एफडी मोडली, पाटल्या गहाण टाकल्या.

कबुतराचं रक्त चोळा म्हणणारे आमच्याकडेही येऊन गेले होते, त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवलं. पण इथे एमआरआयच्या फिल्म लावून, पांढरा कोट घालून समजावणारा डॉक्टर समोर होता. शिकलेल्या घरांना हीच माणसं जास्त नागवतात.

प्रोसिजरनंतर दादाचा गुडघा किंचित हलायला लागला. सेंटरवाले म्हणाले, पेशी कामाला लागल्या, आता दुसरा डोस घ्या. परत आल्यावर आमच्या घरी येणाऱ्या फिजिओताईंनी त्यांची वही उघडली. त्यात सेंटरला जाण्याच्या आधीच्या तारखेला लिहिलं होतं : ‘उजवा गुडघा, हलकी हालचाल सुरू.’ मेंदू आपल्या गतीने सावरत होता आणि त्याचं बिल हे लोक फाडत होते. दुसऱ्या डोसला आम्ही नकार दिला.

तिथे दादाचा एक व्हिडिओही काढला होता. त्यात तो उभा आहे, हसतोय. गुडघ्याला बांधलेला ब्रेस आणि कमरेचा पट्टा मागून घट्ट धरून उभा असलेला माणूस चौकटीत येत नाहीत. काही महिन्यांनी हाच व्हिडिओ वहिनीच्या मामेभावाला व्हॉट्सअॅपवर आला. त्याच्या शेजाऱ्यांच्या वडिलांना लकवा झाला होता आणि सेंटरने ‘बरा झालेला पेशंट’ म्हणून दादाला दाखवलं होतं. दादा त्या दिवशीही व्हीलचेअरवरच होता.

कागदपत्रं नंतर नीट पाहिली. पावतीवर स्टेम सेलचा शब्दही नाही, ‘न्यूरो रिहॅब व निवास’ एवढंच आहे. सही घेतलेल्या इंग्रजी संमतिपत्रात मात्र उपचार प्रायोगिक आहे आणि फायद्याची हमी नाही असं छापलेलं आहे. तोंडी सांगितलेलं एक, कागदावर भलतंच.

आता जी माहिती आधीच कुणीतरी सांगायला हवी होती, ती सांगते. भारतातच पाच केंद्रांत 120 स्ट्रोक पेशंटवर बोनमॅरोच्या पेशींची चाचणी झाली, 2014 साली निष्कर्ष छापून आला. शिरेतून दिलेल्या त्या पेशींनी अपाय झाला नाही, पण फायदाही दिसला नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? खरी चाचणी असेल तर तो लगेच मिळतो आणि वेबसाइटवर तपासता येतो. लकवा बरा करण्याची जाहिरात तर 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानेच बंद आहे, त्याच्या यादीत पक्षाघाताचं नाव आहे.

पैशांपेक्षा मला जास्त लागलंय ते दादाच्या खांद्याचं. तिथल्या वॉर्डबॉयने त्याला दर वेळी लुळा हात ओढून उठवलं. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा निसटतो. हात कधीही ओढायचा नाही, बसवल्यावर खाली उशीचा आधार द्यायचा, हे फिजिओताईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्या दुखण्यामुळे हाताचा व्यायाम कितीतरी दिवस बंद राहिला, आणि दिवस नेमके ते होते जे परत मिळत नाहीत.

अशा पेशंटचा खर्च वर्षानुवर्षांचा असतो. नर्सिंग ब्युरोतून सांभाळायला माणूस ठेवायचा, एअर बेड, डायपर, फिजिओ, स्पीच थेरपी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळायला त्रास असेल तर पातळ पाणी-चहा थेट न देता घट्ट करून, ताठ बसवूनच भरवायचं, कारण ठसका छातीत उतरला की न्यूमोनिया. बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. पेशंट सारखा रडत असेल, जेवत नसेल, तर तो हट्ट समजू नका. स्ट्रोकनंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. त्या चार लाख ऐंशी हजारांत हे सगळं बराच काळ निभावलं असतं. आता ब्युरोचा माणूस परवडत नाही, रात्रीची कूस वहिनी एकटी बदलते.

दादाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर सवलतींना ते लागतं, तुम्हीही काढून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पावती, संमतिपत्राची प्रत, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, काहीच डिलीट करू नका. आमच्याकडे मेसेज होते म्हणूनच वकिलांनी केस हातात घेतली.