रायझन ५ ८६००जी: दिवसभर काम, रात्री एखादा गेम, एवढंच असेल तर हाच घ्या

प्रोसेसर घेताना सगळे टीडीपी (कंपनीने दिलेला वॅटचा आकडा) बघतात, ६५ वॅट दिसलं की झालं, कमी वीज खाणारा. पण त्या आकड्यावरून खरी वीज किती जाणार ते कळतच नाही. एएमडीचा ६५ वॅटवाला एएम५ सॉकेटचा प्रोसेसर लोड आला की ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, पीपीटी म्हणतात त्या मर्यादेला, आणि इंटेलचा आय५-१२४०० घ्या, तोही ६५ चाच पण त्याची टर्बोची मर्यादा ११७. आणि हे सगळं फुल लोडचं झालं. ब्राउजरमध्ये ढीगभर टॅब, एक्सेल, मेल, मधेच एखादा व्हिडिओ कॉल, यात प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता बसून असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, रोजच्या कामाचा पीसी असेल तर आयडलला (काहीच काम नसताना) किती वॅट जातात ते आधी बघा, बाकी बेंचमार्क नंतर.

८६००जी, म्हणजे ग्राफिक्स आतच असलेला एएमडीचा प्रोसेसर, मला आवडला तो इथेच. ६ कोर, १२ थ्रेड, झेन ४ (एएमडीच्या कोरची पिढी), ५ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, हे सगळं आहेच, पण महत्त्वाचं म्हणजे ही एकसंध चिप आहे, मूळ डिझाइन लॅपटॉपचं. एएमडीच्याच रायझन ५ ७६०० मध्ये कोर एका चिपलेटवर (छोट्या चिपवर) आणि मेमरी कंट्रोलर वगैरे वेगळ्या आयओ डायवर (दुसऱ्या चिपवर), त्या दोघांमधली लिंक चालू ठेवायलाच काही न करता वीज जात राहते. फरक साधारण १०-२० वॅटचा पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण १५ वॅट धरा, रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, ४५ युनिट झाली की, आणि ती पण पीसी काहीच करत नसताना.

आता गेमिंग. आतमध्ये रेडिऑन ७६०एम आहे, ८ कंप्युट युनिटवालं (ग्राफिक्सचं काम करणारे भाग). व्हॅलोरंट, सीएस२, रॉकेट लीग, जीटीए ५ असले गेम १०८०पी वर सेटिंग थोडी उतरवून मस्त चालतात. सायबरपंकसारखं जड काही असेल तर सगळं लो आणि वर एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र), तेव्हा कुठे खेळण्यालायक होतं. कधीतरी खेळणाऱ्याला पुरेसं आहे असं मी म्हणेन, रोज नवीन मोठे गेम खेळणाऱ्याला नाही.

पण एक गोष्ट कृपा करून पाळा, रॅमच्या दोन स्टिक लावा. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती सगळी रॅममधूनच घेते, त्यामुळे १६ जीबीची एकच स्टिक लावली की बँडविड्थ अर्धी आणि गेम चक्क अडखळायला लागतो. ८ च्या दोन लावा, जमलं तर १६ च्या दोन, आणि चार स्लॉटवाल्या बोर्डवर सहसा सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (मॅन्युअल बघून घ्या). मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं प्रोफाइल, ऑन करा, नाहीतर महागातली रॅम घेऊन ती स्लो स्पीडलाच चालत राहते आणि आपल्याला पत्ताही नसतो. बायोसमध्ये गेलाच आहात तर इको मोडही (प्रोसेसरची विजेची मर्यादा उतरवणारा) बघा, ४५ वॅटवर टाकला तर ऑफिसच्या कामात फरक जाणवत नाही आणि सोबत आलेला छोटा कुलर पण शांत होतो.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. पुढे चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं नक्की असेल तर सरळ ७६०० घ्या. ८६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबीच आहे, ७६०० मध्ये ३२, शिवाय ग्राफिक्स कार्डला पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीच्या) ८ लेनच मिळतात, आणि कार्ड आलं की त्याची आयडलची वीज वेगळी, मग वाचवलेलं सगळं तिकडेच जाणार. ७६००एक्स मात्र या कामाला घेऊ नका, ५.१ च्या जागी ५.३ गिगाहर्ट्झ मिळतात आणि मर्यादा ८८ वरून थेट १४२ वॅटवर जाते, वरच्या त्या २०० मेगाहर्ट्झसाठी एवढी वीज आणि उष्णता मला अजिबात पटत नाही. ८५००जी पण टाळा, ग्राफिक्स निम्मं, ४ च युनिट.

आणि पॉवर सप्लाय ७५० वॅटचा घेऊ नका, दुकानदार कितीही मागे लागला तरी. असला पीसी आयडलला ७५० च्या ५ टक्क्यांच्या आसपास लोडवर चालतो आणि ८० प्लस गोल्ड या एफिशियन्सीच्या प्रमाणपत्राची चाचणी २० टक्के लोडपासून सुरू होते, त्याखाली एफिशियन्सी किती घसरेल याची हमी तो स्टिकर देत नाही. कार्ड टाकायचं नसेल तर ४००-४५० चा चांगला सप्लाय भरपूर झाला.