दंडावरचा सेन्सर : सात महिन्यांच्या वापरानंतर

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. अकरा वर्षांपासून मला मधुमेह असून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. एप्रिलपासून दंडाच्या मागच्या बाजूस चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर मी वापरतो आहे. एक सेन्सर 14 दिवस चालतो. त्याची बारीक तार कातडीखाली राहते आणि रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजते. त्यामुळे साखर वेगाने चढत वा उतरत असताना फोनवरचा आकडा बोटाच्या तपासणीपेक्षा पाच-दहा मिनिटे मागे असतो. हे ठाऊक नसल्याने पहिला आठवडाभर मी यंत्रालाच खोटे ठरवीत होतो.

माझे डोळे उघडले ते पेजेने. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, हे दुखणेकऱ्यालाही चालणारे अन्न आपल्याला बाधणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. आणि प्रयोगशाळेतील उपाशीपोटीची व दुपारच्या जेवणानंतरची तपासणी तिला कधीच धक्का लावत नव्हती, कारण पेजेची वेळ या दोहोंच्या मधे निसटून जात असे. आलेखावर मात्र पाऊण तासात 128 वरून 226 पर्यंत सरळ चढण दिसली. त्याच तांदळाचा भात दुपारी बेताने, आधी भाजी व मासळी खाऊन मग हुमणाबरोबर (माशांच्या कालवणाबरोबर) घेतला, तेव्हा आकडा 180 च्या आत राहिला. पेज मी सोडलेली नाही. पण आता ती अर्धी वाटी असते, सोबत उसळ असते आणि नंतर वीस मिनिटे चालणे असते. चतुर्थीच्या नेवऱ्यांविषयी, म्हणजे गोड करंज्यांविषयी, काही लिहीत नाही, त्यांचा परिणाम कळायला सेन्सर लागत नाही.

एका रात्री तीन वाजता साखर 58 पर्यंत उतरल्याचा इशारा वाजला. पत्नीने घाईघाईने साखरपाणी पाजले, आणि मग बोट टोचून पाहिले तर 104. मी सेन्सरच्याच कुशीवर झोपलो होतो. दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. तेव्हापासून सेन्सर उजव्या दंडावर आणि ग्लुकोमीटर उशाशी असतो.

आपल्याकडच्या मे महिन्यातील घामापुढे चिकटपट्टी टिकत नाही. दोन सेन्सर मुदतीआधी निघाले, आणि विक्रेत्याने बदली एकाचीच दिली. आता वरून वेगळी पट्टी लावतो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले होते. पण सेन्सरमागचे चार-पाच हजार रुपये मला स्वतःच्याच खिशातून द्यावे लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून, ऑगस्टपासून मी महिन्याला दोनऐवजी दोन महिन्यांतून एकच सेन्सर लावतो, तोही गोळीचे प्रमाण बदलल्यानंतरच्या पंधरवड्यात.