फुकट कॉइनचं ॲप: झेरॉक्सच्या काउंटरवरून अभिप्राय

आधार, पॅन आणि चेहऱ्याचा व्हिडिओ दिला की फुकट क्रिप्टो कॉइन (डिजिटल नाणी) देतो म्हणणारं हे मोबाइलचं ॲप. पाचपैकी दीड स्टार. एक स्टार ॲप न अडकता चालतं म्हणून. अर्धा अशासाठी, की कॉन्टॅक्टची परवानगी नाकारली तरी ते पुढे जाऊ देतं. उरलेले साडेतीन कुठे गेले ते सांगते.

ॲपचं नाव लिहीत नाही. असली ॲप नाव आणि लोगो बदलून पुन्हा येतात. उद्या दुसऱ्या नावाने आलं तर "हे ते नव्हे" म्हणून बिनधास्त आधार देऊन मोकळे व्हाल. त्यापेक्षा लक्षणं वाचा.

गोव्यात डिचोलीला माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान आहे. गृह आधार या सरकारी योजनेचे अर्ज, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, पॅनची दुरुस्ती, हे माझं रोजचं काम. अलीकडे त्यात नवीन गिऱ्हाईक आलंय. कॉलेजची पोरं, आणि त्यांच्या मागून त्यांचे बाप. "काकी, आधार पुढून-मागून स्कॅन करून दी गो, पण रंगीत." रंगीत कशाला म्हणून विचारलं की मोबाइल पुढे करतात. फुकट कॉइन मिळतात, फक्त केवायसी करायची, म्हणजे कागद देऊन ओळख पटवायची.

डिचोली तालुक्यात अशा गोष्टींना कान लवकर टवकारतात. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हापासून आमच्याकडे 'घरबसल्या' हा शब्द असलेली प्रत्येक जाहिरात कोणी ना कोणी मनावर घेतोच. त्यांना हसायचं काही कारण नाही. ट्रकाचा हप्ता फेडलेल्या माणसाला फुकट पैशाची किंमत माझ्याहून जास्त कळते.

माझा भाचा साखळीच्या कॉलेजात आहे. त्याने सगळी प्रक्रिया माझ्याच काउंटरवर बसून केली, मी शेजारून बघत होते. ॲप उघडल्यावर नाव-गाव विचारायच्या आधीच '५०० कॉइन तुमच्या खात्यात जमा' असं हिरव्या अक्षरांत येतं. खाली घड्याळ उलटं धावत असतं, वेळेत केवायसी झाली नाही तर कॉइन परत जाणार. म्हणजे अजून न मिळालेली वस्तू आधी आपली म्हणून दाखवायची आणि मग ती हिसकावली जाईल म्हणून घाबरवायचं. पोरगा त्या घड्याळाकडे बघत होता, अटींच्या पानाकडे नाही. ते पान इंग्रजीत आहे, अक्षर मुंगीएवढं, आणि 'मान्य आहे'वर टिचकी आधीच मारलेली.

पुढे एकामागून एक मागण्या सुरू होतात. आधार पुढून, आधार मागून, पॅन. मग आधार हनुवटीखाली धरून सेल्फी. मग व्हिडिओ: गोल चौकटीत तोंड आणा, डोळे मिचकावा, मान डावीकडे, मान उजवीकडे, स्क्रीनवरचे चार आकडे मोठ्याने वाचा. माझा स्टॅपलर पडला त्याचा आवाज आला, तर व्हिडिओ परत करायला लावला. इतकं काटेकोर काम आमच्या सरकारी पोर्टलांनी केलं असतं तर माझा निम्मा धंदा बसला असता.

मी त्याला आधी मास्क्ड आधार टाकायला लावलं. हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून कोणालाही फुकट उतरवता येतं, पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. ॲप म्हणालं, 'दस्तऐवज अस्पष्ट'. मग दुकानात आम्ही करतो तसं केलं: प्रतीवर आडवं लिहिलं, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. तेही नाकारलं, 'दस्तऐवजावर खाडाखोड'. पूर्ण क्रमांकाचं, कोरं, रंगीत स्कॅन टाकल्याबरोबर हिरवी टिक आली. ओळखच पटवायची असती तर शेवटचे चार आकडे, नाव, फोटो आणि क्यूआर कोड पुरले असते. यूआयडीएआयच्याच साइटवरची ऑफलाइन ई-केवायसीची फाइल चालली असती, सरकारी डिजिलॉकर चाललं असतं. या ॲपमध्ये त्यातलं काहीच नाही. दुसऱ्या कशासाठी वापरता येणार नाही असा कागद त्यांना नकोच आहे.

आता त्यांच्या बाजूने एक गोष्ट मांडते, कारण केवायसी मागितली की ठगच, असं म्हणणारेही माझ्याकडे येतात. फुकट वाटपात ओळख मागण्यामागे खरं कारण असतं. एकाच माणसाने शंभर खाती उघडली तर शंभर वाटे त्याचेच. २०१८ च्या नोव्हेंबरात 'ब्लॉकचेन' नावाच्या कंपनीच्या वॉलेटमधून (कॉइन ठेवायच्या ॲपमधून) स्टेलर या क्रिप्टो नेटवर्कचे १२.५ कोटी डॉलरचे लुमेन नावाचे कॉइन वाटायचे ठरले, माणशी २५ डॉलरचे. तेव्हाही आधी ओळख तपासून घ्यायची अट होती. पुढच्या वर्षी कीबेस या ॲपने २०० कोटी लुमेन २० महिन्यांत वाटायची घोषणा केली. तिथे खोट्या खात्यांची एवढी झुंबड उडाली, की डिसेंबर २०१९ मध्येच वाटप गुंडाळावं लागलं. तेव्हा एका माणसाला एकच वाटा हवा तर माणूस ओळखावा लागणार, हे मला पटतं.

मला पटत नाही ते ओळखून झाल्यानंतरचं. खातं एकदा तपासलं, हिरवी टिक आली, मग माझ्या भाच्याचा मान वळवतानाचा व्हिडिओ कोणाच्या कपाटात राहतो? अटींचं ते पान मी रात्री घरी बसून वाचलं. कंपनी कुठल्याशा बेटावर नोंदलेली. तपासणी 'भागीदारां'कडून होते, भागीदारांची नावं नाहीत. खातं बंद केलं तरी कागद 'कायद्याने आवश्यक तेवढा काळ' ठेवणार. कुठल्या देशाचा कायदा, ते लिहिलेलं नाही. तक्रारीसाठी एक ईमेल, फोन नाही, पत्ता नाही.

कोणी म्हणेल, आधारची झेरॉक्स तर आपण लॉजपासून सिमच्या दुकानापर्यंत वाटत आलोय, आता कसली भीती? दुकानदार म्हणून सांगते, ती झेरॉक्स वेगळी. काळी-पांढरी, फोटोत माणूस की भोपळा तेही कळत नाही. ऑनलाइन कर्जाचं ॲप किंवा क्रिप्टो एक्स्चेंजवरचं (कॉइन विकत घ्यायच्या-विकायच्या बाजारावरचं) खातं त्या झेरॉक्सने उघडत नाही. तिथे रंगीत आधार, पॅन, हातात कागद धरलेला चेहरा आणि हलता व्हिडिओ लागतो. नेमका हाच संच हे ॲप एका बैठकीत गोळा करतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, भाच्याचं तोंड मी कुठून बदलून आणू?

आमच्या गोव्यातल्याच बार्देश तालुक्यात विचारा कागदाचं मोल. २०२२ च्या जूनमध्ये सरकारला जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. परदेशात गेलेल्यांची, वारस नसलेल्यांची घरं-भाटं (बागायती) बनावट दस्तऐवजांवर दुसऱ्यांच्या नावे गेली होती. त्यानंतर माझ्याकडे एक-चौदाचा ताजा उतारा काढून 'आपलं नाव अजून आहे ना' एवढंच बघणारे म्हातारे यायला लागले. त्यातलेच एक आजोबा विक्रीखताची झेरॉक्स माझ्या हातून होत असताना मशीनवरून नजर काढत नाहीत, बिघडलेली प्रतसुद्धा फाडून खिशात घालतात. आणि त्यांचाच नातू बाजूच्या खुर्चीत बसून आधार-पॅन-चेहरा एका बेटावर पाठवत होता. आजोबांना मी ते सांगितलं नाही, नाहीतर दुकानातच मारामारी झाली असती.

मोठ्या, नोंदणी झालेल्या कंपन्या असल्या की सगळं सुरक्षित, असंही नाही. कॉइनबेस हे अमेरिकेतलं नावाजलेलं क्रिप्टो एक्स्चेंज. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनीच जाहीर केलं, की परदेशातल्या ग्राहकसेवेतल्या काही माणसांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढून नेली गेली. ६९,४६१ ग्राहक. नाव, पत्ता, फोन, आणि सरकारी ओळखपत्रांचे फोटोसुद्धा. चोरांनी २ कोटी डॉलर मागितले, कंपनीने दिले नाहीत. पण तिथे निदान आकडा कळला, ग्राहकांना कळवलं गेलं, जाब विचारायला दार आहे. आपल्या या बेटवाल्यांकडून माहिती गळली तर आपल्याला कळवणार कोण?

वर्ल्डकॉइन या क्रिप्टो प्रकल्पाचं तर याहून पुढचं. चकचकीत गोळ्यात बघा, बुबुळ स्कॅन करून घ्या, कॉइन घ्या. केनियात रांगा लागल्या आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने ते थांबवलं. २०२४ मध्ये स्पेनने आणि हाँगकाँगने थांबवलं. दिल्ली-बंगळुरात ते गोळे येऊन गेले, गोव्यात मी तरी पाहिले नाहीत. आमच्या मोपा विमानतळावर उद्या दिसले तर नवल वाटणार नाही.

आपल्याकडे निदान एक चाळणी आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या, त्यांना एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या कचेरीकडे, नोंदणी करावी लागते. त्याच वर्षी डिसेंबरात नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, त्यांत बायनान्सही होतं. नोंदणी झालेल्या एक्स्चेंजने पॅन-आधार मागितलं तर ते कायद्याने मागतंय, आणि चुकलं तर त्याच्यामागे लागायला दिल्लीत कचेरी आहे. आमच्या या ॲपने आपल्या साइटवर नोंदणीचा शब्दही काढलेला नाही. मागताना बँकेच्या थाटात मागायचं, आणि जबाबदारीची वेळ आली की आम्ही परदेशी. साडेतीनपैकी दोन स्टार मी इथेच कापले.

एक स्टार कॉइनसाठी. ते ५०० कॉइन भाच्याच्या खात्यात दिसतात, हलत मात्र नाहीत. बाहेर काढायला 'लेव्हल दोन' लागते, त्यात विजेचं बिल आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मी तिथे मोबाइल काढून घेतला. कुठल्याही ओळखीच्या एक्स्चेंजवर तो कॉइन विकला जात नाही, त्यामुळे ॲपमध्ये रुपयांत दिसणारी किंमत त्यांची त्यांनीच ठरवलेली. आणि समजा उद्या विकला गेलाच, तर क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. फुकट मिळालेल्याचा हिशेब आयकराच्या फॉर्मात कसा भरायचा, ते विचारायला परत माझ्याच काउंटरवर येणार.

शेवटचा अर्धा स्टार त्यांच्या ग्राहकसेवेचा. भाच्याने माझ्या, म्हणजे मामीच्या, सांगण्यावरून खातं बंद केलं आणि कागद पुसून टाका म्हणून ईमेल पाठवला. मजकूर मी इंग्रजीत नीट लिहून दिला होता, तारीख-वेळ घालून. उत्तर लगेच आलं, मशीनचं: तुमच्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत, आणि मित्राला आमंत्रण दिल्यास आणखी ५० कॉइन. मग मी दोनदा आठवण केली, पुन्हा तेच पत्र. डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, अंमल टप्प्याटप्प्याने होणार. तो पुरता लागू झाला तरी बेटावरच्या ईमेलला डिचोलीतून कोण हलवणार, ते बघायचं.

ज्यांनी आधीच कागद दिलेत त्यांनी हातपाय गाळू नका. आधारचं बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा त्यांच्या मोबाइल ॲपवरून लॉक करता येतं, आधीच करून ठेवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावे किती सिम चालू आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार होते. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोंचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात आपण न घेतलेलं कर्ज दिसलं तर गप्प बसू नका, त्या कर्ज देणाऱ्याकडे आणि ब्युरोकडे दोन्हीकडे लेखी वाद नोंदवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांतून पसरतात. हे सगळं मोबाइलवरून जमतं. जमत नसेल तर दुकानात या, दहा रुपयांत प्रिंट काढून देते.

माझ्याकडे रंगीत स्कॅन अजूनही मिळतं. फक्त कशासाठी हवं ते आधी विचारते, आणि कॉइनसाठी असेल तर प्रतीवर ठळक अक्षरांत तसं लिहूनच देते. परवा एकजण म्हणाला, काकी, असं लिहिल्यावर ॲप घेतच नाही. मग मी त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला, बसस्टँडच्या बाजूला.