सिम्पलएक्सएमएल: वाचायला झकास, तुलनेला जपून

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचं हे एक्सटेन्शन एक्सएमएल (टॅगमध्ये माहिती ठेवणाऱ्या) फाईल वाचायला मस्तच. पण त्यातून मिळणारं एलिमेंट, म्हणजे एक टॅग आणि त्यातली माहिती, हा मजकूर नव्हे, ऑब्जेक्ट. त्यामुळे 'पुणे' या मजकुराशी तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) ताडून पाहिलं की उत्तर कायम 'नाही'. आधी स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, कास्ट करा (बदला). किंमत असेल तर फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, नाहीतर १०० आणि १००.०० मजकूर म्हणून वेगळे ठरतात.

तोच एक्सएमएल दोनदा लोड करून दोन्ही ऑब्जेक्ट ताडले, तरी 'नाही'च! आतला मजकूर तपासलाच जात नाही. अशा वेळी सरळ डॉमकडे, म्हणजे एक्सएमएल हाताळणाऱ्या पीएचपीच्याच दुसऱ्या एक्सटेन्शनकडे, वळावं. पीएचपी ८.३ पासून तिथे दोन नोड (एक्सएमएलचे घटक) सारखे आहेत का ते सांगणारी इझइक्वलनोड ही मेथड आहे; अॅट्रिब्यूटचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. मात्र इंडेंटेशनच्या मोकळ्या जागाही नोड म्हणून मोजल्या जातात, म्हणून त्या जागा जपणारं प्रिझर्व्हव्हाइटस्पेस हे सेटिंग फॉल्स करायचं, तेही लोड करण्याआधी. नंतर केलंत तर उपयोग शून्य.