मॉन्टेसरी, केजी की साधी बालवाडी: तीन वर्षांच्या मुलाला कुठे घालावं?

प्रवेशाचे दिवस आले की अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप शाळांच्या चकरा मारू लागतात. एका पाटीवर ‘मॉन्टेसरी’ असतं, दुसरीवर ‘प्ले ग्रुप ते सिनिअर केजी’. फी किती, व्हॅन येते का, डब्यात काय द्यायचं, हे सगळं विचारून होतं. वर्गात काय चालतं, हे राहूनच जातं. मी एवढंच बघेन: मूल चुकलं की पुढे काय होतं?

मारिया मॉन्टेसरी मुळात डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं. १९३९ मध्ये त्या मद्रासमधल्या अड्यारला आल्या, युद्धामुळे इथेच अडकल्या आणि आपल्याकडच्या शिक्षकांना त्यांनी स्वतः शिकवलं. त्यांच्या पद्धतीत चूक दाखवण्याचं काम साहित्य करतं. लाकडी ठोकळ्यातल्या दहा भोकांत दहा दट्टे बसवायचे. एक जरी चुकीच्या भोकात गेला, तरी शेवटचा हातात उरतो. मूल स्वतःच सगळे काढून पुन्हा बसवायला घेतं. ताई लांबून बघत असते. वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात आणि प्रत्येक साहित्य एकच असतं. गुलाबी ठोकळे एकावर एक रचायचा मनोरा दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं. घरी एकुलत्या एक लेकराला हे थांबणं कोण शिकवणार!

उणी बाजूही आहे. साहित्य महाग, म्हणून फीही तशी. राजा-राणीच्या गोष्टी, खोटीखोटी भातुकली यांना मॉन्टेसरीबाई फारसं महत्त्व देत नसत. काल्पनिकापेक्षा खरं काम बरं, असं त्यांचं मत. मला हे पटत नाही. शिवाय ‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणीही लावू शकतं. साहित्य काचेच्या कपाटात कुलपात दिसलं, तर काय ते समजा.

केजीची गंमत वेगळीच. ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग. जर्मनीतल्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये हे नाव दिलं, तेव्हा त्यात लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गोल करून गायची गाणी आणि खरोखरचं बागकाम होतं. सगळं खेळातून, सगळ्यांनी मिळून. आजच्या बऱ्याच केजीत नाव तेवढं उरलंय. चाळीस मुलं, एकाच वेळी एकच पान, तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल, आणि चुकलं की ताईंची लाल खूण. घरी आईला वही दाखवता येते, हा यातला मोठा फायदा. आणि आईलाच हवा असलेला. फ्रोबेलच्या वळणाची केजी कुठे सापडली, तर बडबड्या, सतत चार मुलांत रमणाऱ्या पोराला ती मॉन्टेसरीपेक्षा जास्त मानवेल.

तिसरा पर्याय साधी बालवाडी. ती फुकट किंवा स्वस्त, म्हणून नाक मुरडलं जातं. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका या शिक्षणतज्ज्ञांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केल्यावर त्यांनी त्या महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आणली. मुलं येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे जवळच्याच कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी हेच काम वाढवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. चिंचोके मोजून शिकलेलं गणित मॉन्टेसरीतल्या रंगीत मण्यांच्या गणिताहून कमी नसतं. पण इथे सगळी भिस्त ताईंवर. ताई चांगल्या असतील तर मी जवळच्या साध्या बालवाडीला महागड्या शाळेपेक्षा वर ठेवेन.

मूल आपल्याच नादात तासन्‌तास काहीतरी जुळवत बसणारं असेल आणि फी झेपत असेल, तर खरी मॉन्टेसरी घ्या. फी ओढूनताणून भरावी लागणार असेल, तर नको.

कुठेही गेलात तरी ताईंना एक प्रश्न नक्की विचारा: “मुलाने ३ उलटा काढून ६ केला, तर तुम्ही काय करता?” वाळूत बोट फिरवायला देतो, खरखरीत कागदाच्या अंकावरून फिरवायला देतो, किंवा अजून लहान आहे, थांबतो, असं काही ऐकू आलं तर फॉर्म घ्या. “पानभर गिरवून घेतो” असं उत्तर आलं, तर पुढच्या शाळेचा पत्ता शोधा.