चार्टर शाळेचा फॉर्म भरण्याआधी: मॉन्टेसरी, प्रकल्प, वॉल्डॉर्फ की संगणक?

जानेवारी उजाडला की इथे कॅलिफोर्नियात रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या आईबाबांमध्ये एकच विषय निघतो. चार्टर शाळेचा फॉर्म भरायचा का, आणि भरायचा तर कुठल्या पद्धतीच्या शाळेचा? माझी दोन्ही मुलं वेगवेगळ्या पद्धतींच्या चार्टर शाळांत शिकली. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात वाचलेलं आहेच, पण जवळून बघितलेलं जास्त आहे.

पुण्या-नाशिकहून नुकतेच आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची शाळा. १९९१ साली मिनेसोटा राज्यानं असा पहिला कायदा केला, १९९२ साली कॅलिफोर्नियानं. शाळेला ठरावीक मुदतीची सनद मिळते. इथे ती सुरुवातीला जास्तीत जास्त ५ वर्षांची असते. शिकवायचं कसं याची मोकळीक, आणि त्या बदल्यात निकालाची जबाबदारी, असा हा व्यवहार आहे. प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर जाहीर सोडत निघते. तिसरी ते आठवी आणि अकरावीला राज्याची परीक्षा याही मुलांना असते. पालकांनी अमुक तास शाळेत काम केलंच पाहिजे अशी सक्ती चार्टर शाळेला करता येत नाही. कोणी तसं सुचवलं तर घाबरून फॉर्म मागे घेऊ नका.

शाळा बघायला गेलात की सगळीकडे तेच कानावर पडतं: आम्ही मुलाच्या कलानं घेतो, घोकंपट्टी करून घेत नाही. हे खोटं नसतं, पण त्यावरून निवड करता येत नाही. माझ्या मते विचारायचं ते हे, की माझं मूल एखाद्या गोष्टीत अडलं तर तुम्हाला किती दिवसांत कळेल, आणि कळल्यावर तुम्ही काय कराल? आपण शिकलो त्या शाळेत चाचणी व्हायची, मार्क कमी पडायचे, प्रगतिपुस्तकावर लाल रेघ यायची. रुक्ष प्रकार होता, पण अडलेलं मूल लपत नव्हतं. चाचणी काढून टाकली की तिच्या जागी काय आलं हे बघावं लागतं, कारण प्रत्येक पद्धतीत मूल वेगळ्या ठिकाणी लपतं.

मॉन्टेसरी

ही पद्धत आपल्याला परकी नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, आणि १९३९ साली त्या स्वतः भारतात आल्या. ताराबाई मोडकांनी हाच विचार बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेला. महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं घेऊन त्यांनी काम केलं. त्यामुळे ‘इथे मुलं नुसती खेळतात’ असं एखादे आजोबा म्हणाले तर त्यांना कोसबाडची आठवण जरूर करून द्यावी.

माझा मुलगा पहिली ते तिसरी अशा एका वर्गात होता. तीन इयत्तांची मुलं एकत्र, सकाळचे जवळजवळ तीन तास सलग स्वतःच्या कामाचे. सोनेरी मण्यांचं साहित्य तिथे मी पहिल्यांदा हातात घेतलं. एक मणी, दहाची काडी, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. हजाराचा ठोकळा दोन्ही हातांनी सांभाळत चटईपर्यंत नेणाऱ्या मुलाला हजार म्हणजे किती हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गणिताची ओळख यापेक्षा चांगल्या रीतीनं होताना मी तरी कुठे बघितलेली नाही.

मूल इथे लपतं ते आवडीच्या कामाआड. माझा मुलगा मण्यांच्या माळा मोजत बसायचा आणि लिखाणाच्या कपाटाकडे फिरकायचा नाही. त्याच्या बाईंना हे दुसऱ्या आठवड्यात कळलं, कारण त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक कामासाठी एक त्रिकोण: काम दाखवलं की एक बाजू काढायची, सराव सुरू झाला की दुसरी, पक्कं झालं की तिसरी. लिखाणाच्या रांगेत माझ्या मुलाचे सगळे त्रिकोण एका रेघेवर थांबलेले होते. बाईंनी रोजची सुरुवात लिखाणानं करायची असं त्याच्याशीच बोलून ठरवलं. तुम्ही शाळेत गेलात की ही वही मागा. ती नसेल, किंवा दोन महिन्यांपूर्वीच थांबलेली असेल, तर भिंती कितीही सुंदर असोत, मी फॉर्म भरणार नाही.

चार्टरमधली एक खास अडचणही सांगते. मॉन्टेसरीचं पहिलं चक्र ३ ते ६ वर्षांचं, पण चार्टर शाळेला मिळणारा नेहमीचा सरकारी पैसा ३ वर्षांच्या मुलासाठी मिळत नाही. कॅलिफोर्नियात २०२५-२६पासून ४ वर्षांच्या सगळ्या मुलांना बालवर्गाआधीच्या वर्गात जागा मिळते. म्हणजे आता थोडं बरं आहे, तरी बरीच मुलं चक्राच्या मध्येच येतात. शिवाय अमेरिकेत ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणीही लावू शकतं, त्यामुळे शिक्षकांचं मॉन्टेसरीचं प्रशिक्षण झालं आहे का, हे सरळ विचारावं. पद्धत नीट पाळली तर गुण येतो याला आधार आहे. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड इथल्या सोडतीनं प्रवेश देणाऱ्या सरकारी मॉन्टेसरी शाळांवरचा अभ्यास २०१७ साली आला. जागा मिळालेली आणि न मिळालेली मुलं सुरुवातीला सारखीच होती, पण पुढच्या तीन वर्षांत मॉन्टेसरीतली मुलं अभ्यासात पुढे गेली. त्या मॅग्नेट शाळा होत्या (म्हणजे एखादी खास पद्धत किंवा विषय घेऊन चालणाऱ्या नेहमीच्या सरकारी शाळा), चार्टर नव्हत्या, पण तुलना सोडतीतल्या मुलांची असल्यामुळे मी ती मोलाची मानते.

प्रकल्पातून शिक्षण

सॅन डिएगोची हाय टेक हाय ही या पद्धतीची सगळ्यात नावाजलेली चार्टर शाळा. २००० साली नौदलाच्या जुन्या प्रशिक्षण तळावर सुरू झाली, आज तिच्या अनेक शाळा आहेत. हुशार आणि कच्ची अशा तुकड्या पाडत नाहीत, आणि कामाचा शेवट परीक्षेनं न होता प्रदर्शनानं होतो.

ही पद्धत उत्तम चालली की काय होतं त्याचा एक नमुना शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. आयडाहोमधल्या बॉइसी शहरात अँसर नावाची चार्टर शाळा आहे. तिथल्या पहिलीतल्या एका मुलाला फोटो बघून फुलपाखराचं शास्त्रीय चित्र काढायचं होतं. पहिलं चित्र कुठलंही लहान मूल काढेल तसंच, गोलगोल पंखांचं. मग वर्गमित्रांनी सांगायला सुरुवात केली: पंखाचा आकार बघ, टोक बघ, आतली नक्षी बघ. ‘छान आहे’ एवढ्यावर कोणी थांबायचं नाही आणि कोणी हसायचंही नाही. सहावं चित्र पुस्तकात छापावं असं झालं. मूल तेच, फरक सहा खेपांचा.

माझी मुलगी अशाच एका शाळेत होती. पाचवीत त्यांच्या गटानं जवळच्या ओढ्याच्या पाण्यावर प्रकल्प केला. प्रदर्शनाच्या संध्याकाळी तक्ता बघून माझा ऊर भरून आला होता. त्यानंतरच्या रविवारी शिरा करताना मी तिला म्हटलं, आज पाहुणे आहेत, सगळं दुप्पट घे. पाऊण कप रवा. ती कप हातात घेऊन उभीच राहिली. पाऊण दुप्पट म्हणजे दीड हे तिला मराठीत सोडाच, इंग्रजीतही येत नव्हतं. हळूहळू उलगडत गेलं की गटात तिचं अक्षर सगळ्यात सुंदर, म्हणून तिच्याकडे कायम तक्ता लिहायचं काम. मापं आणि आलेख दुसऱ्याच मुलानं केलेले. शिक्षक मनापासून काम करणारे होते, पण तक्ता इतका देखणा होता की त्यामागचा अपूर्णांकांचा खड्डा त्यांना दिसला नाही. मी बोलल्यावर त्यांनी शुक्रवारी प्रत्येकाची स्वतंत्र गणित-तपासणी सुरू केली. ती आधीपासून असायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

म्हणजे इथे मूल गटाआड लपतं. शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरचं अंतिम काम बघून परत येऊ नका. एका मुलाचे पहिले, दुसरे, तिसरे मसुदे दाखवा म्हणा. गणित प्रकल्पातच शिकवता की त्याचा वेगळा तास असतो, हे विचारा. वेगळा तास असलेली शाळा मी निवडेन. आणि नववीनंतरचा प्रवेश असेल, तर यूसीच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाच्या, प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या ‘ए-जी’ यादीत त्या शाळेचे विषय मंजूर आहेत का, ते आधी तपासा.

वॉल्डॉर्फच्या धर्तीवरच्या शाळा

रुडॉल्फ स्टाइनर यांची पहिली शाळा १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला, वॉल्डॉर्फ नावाच्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. या धर्तीची पहिली चार्टर शाळा कॅलिफोर्नियातच नेव्हाडा सिटीला १९९४ साली सुरू झाली. एकच विषय रोज सकाळी, असे तीनचार आठवडे. विणकाम, बासरीसारखं वाद्य, गोष्टी, चित्रं. लहान वर्गांत स्क्रीन नाही. एकच शिक्षक मुलांसोबत वर्षानुवर्षं वरच्या वर्गात जातो, आणि लाजऱ्या मुलासाठी याहून मोठा आधार नाही.

अक्षरओळख मात्र उशिरा आणि सावकाश. बहुतेक मुलांचं यात काही बिघडत नाही. पण ज्याला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण, आहे ते मूल ‘वाचेल हळूहळू’ या वाक्याआड दोन वर्षं लपू शकतं. घरी मराठी बोलत असाल तर धोका वाढतो, कारण शाळाही आणि आपणही ‘दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर’ अशी समजूत घालून घेतो. ओळखीच्या एका घरात नेमकं हेच झालं, आणि तिसरीच्या राज्य परीक्षेनंतर धावपळ सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत २०२५-२६पासून बालवर्ग ते दुसरीच्या मुलांची वाचनातल्या अडचणींसाठी चाचपणी करायची आहे. तिचा निकाल मागून घ्या. शंका असेल तर तपासणीची विनंती लेखी द्या. लेखी विनंतीनंतर साधारणपणे १५ दिवसांत तपासणीचा आराखडा तुमच्या हातात यायला हवा, तोंडी बोलण्याला अशी मुदत लागू होत नाही. घरात कोणाला वाचनाचा त्रास होता असं माहीत असेल, तर ही पद्धत मी सुचवणार नाही.

संगणकावर ज्याच्या त्याच्या गतीनं

समिट या चार्टर शाळांची सुरुवात २००३ साली कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत झाली. २०१४पासून फेसबुकच्या अभियंत्यांच्या मदतीनं त्यांनी आपली संगणक-प्रणाली वाढवली आणि ती देशभरच्या शाळांना दिली. मूल आपल्या वेगानं धडे संपवतं, बाकी वेळ प्रकल्प, आणि एक ठरलेला मार्गदर्शक शिक्षक. कॅन्ससमधल्या काही गावांत पालकांनी आणि २०१८ साली ब्रुकलिनमध्ये विद्यार्थ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला: फार वेळ पडद्यासमोर जातो, शिकवायला कोणी नसतं. मूल इथे हिरव्या खुणेआड लपतं, कारण चाचणी पुन्हा पुन्हा देत उत्तर अंदाजानं जुळलं तरी खूण हिरवीच. शिस्तीनं स्वतः बसणाऱ्या, पुढे पळू बघणाऱ्या मोठ्या मुलाला हे मानवतं. मार्गदर्शक दर आठवड्याला किती मिनिटं समोरासमोर बसतो, यावर बाकीचं ठरतं.

पूर्ण ऑनलाइन चार्टरचा विचार करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्रानं २०१५ साली केलेल्या तुलनेत ही मुलं तशाच इतर मुलांच्या मानानं वर्षाला वाचनात ७२ आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली. आजारपण किंवा खेळाचं कडक वेळापत्रक असं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

लहान वयात, एकटं रमणारं मूल असेल आणि शिक्षकांची वही चोख असेल, तर मी मॉन्टेसरी घेईन. बोलकं, दहा प्रश्न विचारणारं, चौथी-पाचवीच्या पुढचं मूल असेल तर प्रकल्पाची शाळा, मात्र गणितावर घरून लक्ष ठेवून. बुजरं मूल, वाचनाची अडचण नाही, घरीही स्क्रीन कमी ठेवायची तयारी, तर वॉल्डॉर्फ. दोन-तीन शाळांचे फॉर्म एकत्र भरायला हरकत नाही, आणि सोडतीत नाव आलं तरी जवळच्या नेहमीच्या शाळेतली जागा पक्कं ठरेपर्यंत सोडू नका.

शाळा बघायला मात्र सजवलेल्या माहिती-दिवसाला जाऊ नका. साध्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला वेळ मागून जा, आणि वर्गाच्या मागे उभं राहून एकच मूल निवडा, शक्यतो कोपऱ्यातलं, काहीच न करणारं. त्याच्याजवळ कोणीतरी मोठं माणूस किती वेळानं जातं, ते घड्याळ लावून बघा.